दुडकीची बाराखडी

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या फुटपाथवर काही वर्षांपूर्वी मला लाल मुखपृष्ठाचं एक जाड इंग्रजी पुस्तक मिळालं. मुखपृष्ठावर चेहरा नाही. धावणाऱ्या माणसाचे फक्त दोन पाय, तेही खुद्द लेखकाचे. जिम फिक्स यांचं 'द कम्प्लीट बुक ऑफ रनिंग', १९७७ सालचं. मी खरं तर टपालखात्याच्या जुन्या नियमावल्या शोधत होतो. पोस्टाच्या खिडकीमागे बसून माझी तीसेक वर्षं गेली, आणि त्या खात्याचा इतिहास गोळा करणं हा माझा हौसेचा उद्योग. धावण्याशी संबंध म्हणाल तर सुटणाऱ्या एसटीमागे धावण्यापुरता. पण पुस्तकवाल्याने ते गठ्ठ्यात घातलं आणि ते घरी आलं.

चाळताना शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा दिसल्या. एकाखाली एक अकरा. सगळ्या जूनमधल्या, लागोपाठच्या दिवसांच्या. वर्ष दिलेलं नाही. प्रत्येक तारखेपुढे मिनिटं : १०, १२, १५, १५, २०... शेवटच्या तारखेपुढे ३०. त्याखाली काही नाही. अर्धं पान कोरं. कोण होता हा माणूस, अकराव्या दिवशी त्याचं काय झालं, पाऊस आला की पाय मुरगळला, कोण जाणे. मी पुस्तक कपाटात ठेवलं आणि विसरलो.

त्यानंतर चार वर्षांनी माझा थोरला भाऊ गेला. वय सत्तावन्न. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. दादा तरुणपणी विद्यापीठाच्या खो-खो संघात होता. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलायचा, "अहो, तो तर खेळाडू होता!" जणू काही कुठल्या तरी खात्यात दादाच्या नावावर शिल्लक होती आणि ती कुणी परस्पर काढून घेतली. हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खेळाडू होता, मग असं कसं? या एका प्रश्नापायी मी जे वाचत गेलो, त्यातून हा लेख झाला आहे. मी ना डॉक्टर, ना क्रीडातज्ज्ञ. कागद जुळवण्याची सवय तेवढी आहे.

धावणाऱ्यांचा इतिहास आपल्याकडे आहे. १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले होते. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईची २००४ पासूनची. पण हा झाला धावता येणाऱ्यांचा इतिहास. मला हवा होता तो दुसराच : ज्याला धावता येत नाही, ज्याचं पोट सुटलं आहे, ज्याला जिना चढताना दम लागतो, अशा माणसाला कसं आणि किती धावायला लावायचं याचा विचार पहिल्यांदा कुणी केला? माणूस लाखो वर्षं धावतो आहे; पण 'नवशिका धावणारा' ही जात जेमतेम साठ वर्षांची आहे.

०००

सुरुवात लंडनच्या बसमध्ये होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत चालली होती आणि कारण कुणाला नीट सांगता येत नव्हतं. जेरी मॉरिस हे तेव्हा तिशी संपलेले डॉक्टर. युद्धकाळात सैन्याच्या वैद्यकीय दलातून ते हिंदुस्थानातही येऊन गेले होते. त्यांनी १९४९ च्या सुमारास लंडनच्या वाहतूक खात्यातल्या पस्तीस ते चौसष्ट वयाच्या सुमारे ३१ हजार पुरुषांच्या आजारपणाच्या नोंदी तपासायला घेतल्या. लंडनची बस दुमजली. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर दिवसभर वरखाली. एका पाळीत कंडक्टर पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. दोघे एकाच वर्गातले, एकाच गाडीत, एकाच धुरात. आणि तरी ड्रायव्हरांच्या मानाने कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. झालाच तर उशिरा, आणि जीव वाचण्याची शक्यता जास्त.

हा निबंध नोव्हेंबर १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन भागांत आला. मला त्यात खिळवून ठेवणारी गोष्ट वेगळीच होती. मॉरिस यांनी बसवाल्यांचा निष्कर्ष पडताळायला टपालखात्यातली माणसं घेतली होती! एका बाजूला पायी आणि सायकलवर टपाल वाटणारे पोस्टमन, दुसऱ्या बाजूला टेलिफोनवर आणि टेबलावर बसणारे कारकून. निकाल तोच. पोस्टमन सुरक्षित, कारकून धोक्यात. माझ्या ऑफिसातल्या पोस्टमन मंडळींना हे मी सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "साहेब, मग आता बीट बदलून घ्या."

मॉरिस यांच्यावर आक्षेप असा आला, की आळशी आणि लठ्ठ माणूसच मुळात ड्रायव्हर होत असेल. आक्षेप रास्त होता. त्यावर त्यांनी १९५६ साली जे केलं ते कुणाही कागद जुळवणाऱ्याला मोह पाडेल असं आहे. त्यांनी गणवेशांच्या नोंदी काढल्या. वाहतूक खातं प्रत्येकाला विजार शिवून देई, म्हणजे प्रत्येकाच्या कंबरेचं माप दप्तरी होतं. ड्रायव्हरांच्या कंबरा मोठ्या निघाल्या हे खरं. पण तेवढ्याने हृदयविकारातला फरक उलगडत नव्हता. बारीक ड्रायव्हरसुद्धा बारीक कंडक्टरपेक्षा धोक्यात होता. (मुंबईच्या बेस्टची दुमजली बस १९३७ साली आली आणि जुन्या डिझेल गाड्यांतली शेवटची २०२३ च्या सप्टेंबरात रस्त्यावरून गेली. तिच्या कंडक्टरांच्या नोंदी अशा कुणी काढल्या असत्या तर, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.)

मॉरिस २००९ मध्ये वारले, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी.

पण या निष्कर्षात एक अडचण होती. बसून काम करणाऱ्याला 'तू कंडक्टर हो' असं सांगता येत नाही. पायऱ्या नशिबात नसतील तर त्याने करायचं काय? शिवाय त्या काळी हृदयविकाराचा झटका आला, की आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निपचित झोपवून ठेवण्याची रीत होती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन यांनी अशा रोग्याला निदान खुर्चीत बसवा म्हटलं तर तेही धाडस मानलं गेलं. मग त्याला पळवणार कोण?

०००

तो माणूस डॉक्टर नव्हता. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा, बुटाच्या कारखान्यात काम करणारा, मधल्या काळात रात्री दूध टाकणारा आर्थर लिडियर्ड. १९४५ च्या सुमारास, वय अठ्ठावीस, स्वतःला चांगला तंदुरुस्त समजत असताना क्लबातल्या एका ज्येष्ठ गड्याबरोबर तो पाच मैल धावायला गेला आणि अर्धमेला होऊन परतला. लिडियर्डची सगळी विद्या या फजितीतून आली. सत्तेचाळिसाव्या वर्षी आपलं काय होईल, असा प्रश्न त्याला पडला, आणि पुढची काही वर्षं त्याने स्वतःच्याच शरीरावर प्रयोग केले. किती धावलं तर थकवा उरतो, किती धावलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धावावंसं वाटतं. निष्कर्ष साधा होता : आधी सावकाश आणि भरपूर, वेग सगळ्यात शेवटी. १९५३ आणि १९५५ साली तो न्यूझीलंडचा मॅरेथॉन विजेता झाला. शेजारपाजारची पोरं त्याच्यामागे धावू लागली. त्यातल्याच पीटर स्नेलने ८०० मीटरमध्ये आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरमध्ये १९६० च्या रोम ऑलिंपिकात एकाच दिवशी, तासाभराच्या आत, सुवर्णपदकं मिळवली.

एवढ्यावर थांबला असता तर लिडियर्ड फक्त खेळाच्या इतिहासात राहिला असता. पण त्यानंतरच्या एक-दोन वर्षांत ऑकलंडमधल्या व्यापारी-व्यावसायिक मंडळींपुढे त्याची भाषणं झाली, आणि त्यातल्या काहींनी विचारलं, की हे आम्हाला जमेल का? पन्नाशीचे, पोट सुटलेले, काही तर हृदयविकारातून उठलेले. त्यांतून ऑकलंड जॉगर्स क्लब उभा राहिला. पुढे ऑकलंडचे महापौर झालेले कॉलिन के हे त्याचे एक प्रवर्तक. लिडियर्डचा मंत्र होता, सराव करा, ताण देऊ नका. शेजाऱ्याशी गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने जा.

'जॉगिंग' हा शब्द या अर्थाने जगभर पसरला तो इथून. इंग्रजीत तो घोड्याच्या संथ चालीसाठी जुनाच आहे. आपल्याकडे घोड्याच्या अशा चालीला दुडकी म्हणतात. लहान मूल दुडूदुडू धावतं तेही त्याच नात्यातलं. मराठीत या व्यायामाला दुडकी म्हणायला कुणाची हरकत नसावी. निदान या लेखापुरतं मी म्हणतो.

०००

१९६२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ऑरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन न्यूझीलंडला गेले. त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी चार गुणिले एक मैल रिलेचा न्यूझीलंडचा जागतिक विक्रम मोडला होता. त्यामुळे हे आमंत्रण. लिडियर्ड त्यांना एका रविवारी आपल्या जॉगर्स मंडळींबरोबर घेऊन गेला. बॉवरमन एक्कावन्न वर्षांचे, जन्मभर मैदानावर उभे राहून दुसऱ्यांना पळवणारे. टेकडीचा चढ लागताच ते मागे पडले. सोबतीला एक म्हातारा थांबला. सत्तरी पार केलेला, हृदयविकाराचे तीन झटके येऊन गेलेला. तो बॉवरमनशी गप्पा मारत मारत सहज पळत होता, आणि बॉवरमनच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

हा प्रसंग बॉवरमन पुढे स्वतःच सांगत. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पुन्हा तेच घडतं. लिडियर्डला पाच मैलांनी जे शिकवलं ते बॉवरमनला एका टेकडीने. मैदानावर असणं वेगळं आणि स्वतः धावणं वेगळं. बॉवरमन सहा आठवडे राहिले, रोज धावले, आणि कंबर उतरवून घरी परतले.

युजीन हे त्यांचं गाव. परतल्यावर त्यांनी स्थानिक वर्तमानपत्राला या अजब प्रकाराची हकिगत सांगितली आणि लोकांना फेब्रुवारी १९६३ मधल्या एका रविवारी सकाळी विद्यापीठाच्या हेवर्ड फील्ड मैदानावर बोलावलं. पहिल्या खेपेला दोनेक डझन लोक आले. पुढच्या रविवारी त्याहून जास्त. तीन-चार आठवड्यांत गर्दी शेकड्यांवर गेली. म्हातारे, गृहिणी, जाडजूड प्राध्यापक, घरच्या चपला-बुटांत, काही पहिल्याच फेरीत जीव खाऊन पळणारे. आणि बॉवरमन घाबरले. यातलं कुणी इथे मेलं तर? त्यांनी तो रविवारचा मेळावा बंद केला, लोकांना घरी पाठवलं.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा क्षण हाच. लोकांना बोलावणं सोपं होतं. उत्साह होता, मैदान होतं, नामांकित गुरू होता. नव्हती ती पायरी. पहिल्या दिवशी किती, दुसऱ्या दिवशी काय, थांबायचं कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बॉवरमन हृदयरोगतज्ज्ञ वॉल्डो हॅरिस यांच्याकडे गेले. दोघांनी मिळून मध्यमवयीन माणसांचे गट करून प्रयोग केले, आधी एक छोटी पुस्तिका काढली, आणि १९६७ साली 'जॉगिंग' नावाचं पुस्तक. त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या.

त्या पुस्तकात काय होतं? बारा आठवड्यांचं वेळापत्रक. आठवड्यातले तीन दिवस, मधे एकेक दिवस विश्रांती. थोडं अंतर दुडकी, तेवढंच चालणं, पुन्हा दुडकी. ज्याची अवस्था अगदी वाईट त्याला वेगळा तक्ता, जो थोडा बरा त्याला वेगळा. आणि लिडियर्डकडून आलेली बोलण्याची कसोटी : धावताना बोलता येत नसेल तर तुम्ही जास्त जोरात जात आहात. आज हे बाळबोध वाटतं. पण पुस्तकातल्या विश्रांतीच्या दिवसांबद्दल वाचताना मला फुटपाथवरच्या पुस्तकातल्या त्या अकरा तारखा आठवल्या. लागोपाठच्या अकरा. एकही दिवस रिकामा नाही, आणि मिनिटं अकरा दिवसांत तिप्पट. पावसाला उगाच दोष देत होतो मी.

थोडं थोडं वाढवत नेण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. माझ्या सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार लावले, आणि आमचे मास्तर बारापासून सुरू करून आकडा हळूहळू चढवायला लावत. फरक एवढाच की ते मुलांसाठी होतं. युजीनच्या तक्त्याचा वाचक पन्नाशीचा होता, आणि त्याच्या हृदयाचा काही भरवसा नव्हता.

रस्त्यावर पळणारा प्रौढ माणूस तेव्हा इतका नवीन होता, की १९६८ मध्ये साउथ कॅरोलायनात खुद्द एका सिनेटरला, स्ट्रॉम थरमंड यांना, पोलिसांनी संशयावरून हटकलं होतं. बायकांची वाट आणखी अवघड. बॉस्टन मॅरेथॉनमध्ये त्यांना १९७२ पर्यंत अधिकृत प्रवेशच नव्हता. १९६८ सालीच अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' आलं आणि मग लाट आली ती आलीच.

०००

आता पुन्हा लाल पुस्तकाच्या लेखकाकडे. जिम फिक्स यांचे वडील पस्तिसाव्या वर्षी पहिला झटका येऊन त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. फिक्स स्वतः पस्तिशीला पोचले तेव्हा वजन शंभर किलोच्या घरात आणि दिवसाला सिगारेटची दोन पाकिटं. १९६७ मध्ये त्यांनी धावायला सुरुवात केली. वजन उतरवलं, सिगारेट सोडली, पुस्तक लिहिलं, प्रसिद्ध झाले. आणि २० जुलै १९८४ रोजी व्हरमाँटमध्ये धावता धावताच कोसळून गेले. वय बावन्न. शवचिकित्सेत हृदयाच्या धमन्या भरलेल्या आढळल्या. जगभर थट्टा झाली : बघा, धावून काय मिळालं? मला वाटतं आपल्याकडच्या अनेकांनी त्या बातमीवर आयुष्यभर खुर्ची उबवली. कूपर यांनी पुढे या मृत्यूवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मृत्यूच्या आदल्या वर्षी फिक्स त्यांच्या दवाखान्यात आले होते, पण ट्रेडमिलवरची तपासणी करून घ्यायला तयार झाले नाहीत.

त्याच वर्षी, फिक्स गेल्यावर अडीच महिन्यांनी, अमेरिकेतल्या सिएटल भागातला एक अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. डेव्हिड सिस्कोविक आणि सहकाऱ्यांनी हृदय अचानक बंद पडलेल्या १३३ पुरुषांची माहिती त्यांच्या बायकांकडून घेतली होती. जोराचा व्यायाम चालू असताना धोका वाढतो, हे त्यात स्पष्ट दिसलं. पण कुणाचा किती? नियमित व्यायाम करणाऱ्याचा सुमारे पाचपट, आणि सवय नसलेला माणूस एकदम व्यायामाला भिडला तर छप्पन्नपट. दिवसाचे चोवीस तास एकत्र धरले तर मात्र नियमित व्यायाम करणाऱ्याचा एकूण धोका बसून राहणाऱ्याच्या चाळीस टक्केच. पाच आणि छप्पन्न हे दोन आकडे शेजारी ठेवले, की हेवर्ड फील्डवर बॉवरमन का घाबरले ते कळतं. छप्पन्नावरून पाचावर यायचा जिना म्हणजे ते बारा आठवड्यांचं वेळापत्रक.

०००

आणि दादाचा प्रश्न? त्याचं उत्तर मला १९७८ च्या एका निबंधात सापडलं. राल्फ पॅफेनबार्गर यांनी हार्वर्डच्या १६,९३६ माजी विद्यार्थ्यांचा माग काढला होता. आठवड्याला दोन हजार कॅलरींपेक्षा कमी ऊर्जा हालचालीत खर्च करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका चौसष्ट टक्क्यांनी जास्त होता. पण माझी नजर दुसऱ्या एका ओळीवर थांबली. कॉलेजात जे विद्यापीठाच्या संघात खेळले आणि नंतर बसले, त्यांना त्या खेळाचा काही उपयोग झाला नव्हता. उलट, जे कॉलेजात कधी मैदानावर गेले नाहीत पण पुढे चालते-फिरते, धावते झाले, ते सुरक्षित होते. दादाच्या नावावर शिल्लक नव्हतीच. कुणाच्याच नसते.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. राग कुणावर काढावा ते कळेना. वीस वर्षं मी त्याला रविवारी दुपारी जेवून लोळताना पाहिलं होतं, आणि शेजारी मीही लोळत होतो.

पॅफेनबार्गर हा गृहस्थ स्वतः चाळिशी उलटल्यावर धावायला लागला आणि पुढे शंभर मैलांच्या शर्यतींपर्यंत पोचला. आपल्याच आकडेवारीला घाबरलेला संशोधक म्हणून मला तो फार जवळचा वाटतो.

उलट बाजूनेही पुरावा आहे, आणि तो जास्त गमतीचा. १९६६ साली डॅलसमध्ये वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता चौथ्या हिश्श्याहून अधिक घसरली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तेच पाच जण पुन्हा बोलावले गेले. आता पन्नाशीचे, वजन सरासरी पंचवीस टक्क्यांनी वाढलेलं, अंगातली चरबी दुप्पट. मोजणी झाली तेव्हा दिसलं, की तीस वर्षांच्या वयाने त्यांच्या क्षमतेचं जेवढं नुकसान केलं होतं, त्यापेक्षा विशीतल्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने जास्त केलं होतं! मग त्यांना सहा महिने चालणं, दुडकी, सायकल असा अगदी हळूहळू वाढत जाणारा कार्यक्रम दिला. सहा महिन्यांअखेर पाचही जणांची सरासरी क्षमता विशीतल्या मूळ आकड्यावर परत आली. पाच माणसांचा प्रयोग, त्यावर फार भार टाकू नये हे मान्य. तरी पन्नाशीच्या माणसाने तो वाचावा आणि स्वस्थ बसावं हे कठीण.

२०१४ साली डॅलसच्याच ५५,१३७ माणसांची नोंद प्रसिद्ध झाली. सरासरी पंधरा वर्षं माग ठेवलेली. धावणाऱ्यांत एकूण मृत्यूचा धोका तीस टक्क्यांनी आणि हृदयरोगाने मृत्यूचा पंचेचाळीस टक्क्यांनी कमी. आणि हे दिवसाला पाच-दहा मिनिटं, अगदी सावकाश धावणाऱ्यांतही. सगळ्यात जास्त फायदा मात्र जे वर्षानुवर्षं धावत राहिले त्यांना. आणि गुडघे झिजतील ही आपली लाडकी भीती? स्टॅनफर्डमध्ये पन्नाशीपुढच्या धावणाऱ्यांना १९८४ पासून दोन दशकं तपासलं. त्यांच्या गुडघ्यांचा संधिवात न धावणाऱ्यांपेक्षा जास्त निघाला नाही, आणि रोजच्या व्यवहारातलं पंगुत्व त्यांना बरंच उशिरा आलं. अर्थात हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास. धावणारा माणूस मुळातच सिगारेट कमी ओढत असेल, बरं खात असेल. संशोधक ते वजा करतात, पण पूर्ण वजा होतं असं कुणी म्हणत नाही.

०००

आज नवशिक्यांत सर्वांत पसरलेलं वेळापत्रक नऊ आठवड्यांचं आहे. 'काउच टू फाइव्ह के', म्हणजे कोचावरून पाच किलोमीटरपर्यंत. १९९६ साली जॉश क्लार्क या पंचविशीच्या अमेरिकन तरुणाने ते आपल्या पन्नाशीतल्या आईला डोळ्यांपुढे ठेवून आखलं. पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने ते उचललं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं भराभर चालायचं. मग साठ सेकंद दुडकी, नव्वद सेकंद चालणं, असं वीस मिनिटं. आठवड्यातून तीनदा. साठ सेकंद! लिडियर्डचे पाच मैल, बॉवरमनची टेकडी, आणि शेवटी साठ सेकंद. या साठ वर्षांत दर पिढीने पहिली पायरी आणखी खाली आणली.

मी हा तक्ता आजवर तीनदा सुरू केला. पहिल्यांदा दुसऱ्या आठवड्यात सोडला, कारण साठ सेकंद मला अपमानास्पद वाटले आणि मी दोन फेऱ्या एकदम मारल्या, पोटरी धरली. दुसऱ्यांदा चौथ्या आठवड्यात, मार्चअखेरच्या कामात. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांकडून तपासून घेतलं आणि वहिनीला बरोबर घेतलं. खरं तर तीच आली. दादा गेल्यावर तिची साखर वाढली होती. पंजाबी ड्रेस, भाचीने आणून दिलेले बूट, आणि पहिल्या दिवशी मैदानावर कुणी ओळखीचं दिसू नये म्हणून पहाटे सव्वापाचची वेळ.

वहिनीला कसोटीचं कळल्यापासून तिने तिचा ताबाच घेतला आहे. मी जरा पुढे गेलो की मागून आवाज येतो, "भाऊजी, काल कुणाकुणाची मनीऑर्डर आली सांगा बघू." मी सांगू शकलो नाही तर चालायचं. एकदा तिने दादाच्या खो-खोच्या सामन्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. कोल्हापूरचा सामना, शेवटचा डाव. नव्वद सेकंद चालताना अर्धी झाली, दुडकीत थोडी पुढे सरकली, आणि मग बराच वेळ आम्ही दोघंही नुसते धावत राहिलो.

पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी हा तक्ता एकदम वीस मिनिटं न थांबता धावायला सांगतो. तिथे बरेच जण गळतात. आम्ही चौथा आठवडा दोनदा केला, कारण वहिनीची टाच दुखत होती. पाचव्याचे पहिले दोन दिवस झाले आहेत. लाल पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, त्या अकरा तारखांच्या खाली, मी आमच्या तारखा लिहीत आलो आहे. प्रत्येक दोन तारखांमध्ये एक-दोन दिवसांची फट ठेवून. हे लिहितो आहे तो शुक्रवार. वीस मिनिटं उद्या.